बदामीच्या चार लेण्यांच्या मागं काय आहे? लाल दगडातल्या नैसर्गिक गुहा आणि कपारी (सोलापूरहून जाणाऱ्यांसाठी)

माळावरचा_गडी (धागाकर्ता)

सोलापूरचा माणूस बदामीला जातो तो तीनच निमित्तांनी. घरात बनशंकरीचं कुलदैवत असतं, किंवा शाळेची सहल असते, किंवा विजापूरचा गोलघुमट बघून झाल्यावर कुणीतरी म्हणतं, "एवढं आलोच आहोत तर पुढं जाऊ." चार लेणी, अगस्त्य तलावाच्या काठावर फोटो, भाकरी-एणगाई, परत. लेण्यांबद्दल मी वेगळं काय सांगणार? तिसऱ्या लेण्यात शके ५०० चा, म्हणजे इ.स. ५७८ चा चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा लेख आहे आणि त्या विष्णूपुढं उभं राहिलं की बोलणं आपोआप थांबतं. पण हा धागा लेण्यांचा नाही. त्याच डोंगरात माणसानं न कोरलेल्या कितीतरी गुहा, कपारी, घळी आहेत आणि आपल्यातले शंभरातले नव्वद लोक त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावरून माघारी फिरतात. त्यांच्याबद्दल आहे.

आधी एक गोष्ट. आपण काळ्या दगडात वाढलेली माणसं. सोलापूर बेसाल्टवर बसलेलं आहे, सगळीकडं माळ, मुरूम, काळी माती. आपल्याकडं गुहा म्हटली की कुणीतरी छिन्नी घेऊन कोरलेलीच असणार हे डोक्यात पक्कं असतं. कोल्हारचा कृष्णेवरचा लांबलचक पूल ओलांडून बागलकोटच्या दिशेनं लागलं की हळूहळू दगडाचा रंग बदलतो. बदामीत पोचेपर्यंत सगळं लाल-तांबूस झालेलं असतं. हा वालुकाश्म. इथं पाणी, वारा आणि मीठ यांनी स्वतःच गुहा केल्यात. माणूस नंतर आला. आधी आसऱ्याला, मग चित्रं काढायला आणि फार उशिरा देव कोरायला.

काय काय बघता येतं ते सांगतो, सोप्यापासून सुरुवात करतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या लेण्यांच्या मध्येच एक नैसर्गिक गुहा आहे. लोक तिच्यासमोरून पायऱ्या चढून जातात, आत डोकावत नाहीत. आत एक झिजलेली कोरीव आकृती आहे. माझ्या मते सगळ्या बदामीतली शिकवण्यासारखी जागा हीच. डावीकडं कोरलेलं लेणं, उजवीकडं कोरलेलं लेणं, मध्ये निसर्गानं केलेली पोकळी. छत बघा. कोरलेल्या लेण्याचं छत सपाट आणि कडा धारदार, नैसर्गिक गुहेचं छत थरांप्रमाणं पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेलं.

मग तलावाच्या पलीकडचा उत्तरेचा किल्ला. म्युझियमच्या बाजूनं वर चढलात की दोन उभ्या भिंतींमधून वाट जाते. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडं दगड लागतो. ही घळ कुणी खोदलेली नाही, दगडाला पडलेली उभी भेग रुंदावत गेली आहे. दुपारी बाहेर रणरणतं ऊन असतं आणि इथं भिंतीला पाठ लावली तर थंडगार.

भूतनाथ मंदिरांच्या मागच्या बाजूला मोठमोठे धोंडे आहेत. एका धोंड्यावर वराह, नरसिंह, महिषमर्दिनी असे देव कोरलेत. थोडं पुढं एका नैसर्गिक कपारीत शेषशायी विष्णू आहे. इथं शिल्पकारानं गुहा केली नाही, असलेली गुहा वापरली. हे मला फार आवडतं.

अरळीतीर्थ गावापासून दूर, डोंगरात. पुढं आलेल्या कड्याखाली पाणी साठलेलं, आतल्या भिंतीवर मूर्ती. पावसाळा संपल्यावर गेलात तर पाणी भरलेलं असतं.

आणि शेवटी सिडलफडी. बदामीपासून साधारण चार किलोमीटर, काटेरी झुडपांतून. अजस्र शिळा एकमेकींवर रेलून झालेला आसरा, वर छताला आरपार भोक. वीज पडून भोक पडलं असं तिकडचे लोक सांगतात. आत भिंतीवर आणि छतावर गेरूच्या लाल आणि काही पांढऱ्या आकृत्या. जनावरं, माणसं. चालुक्यांच्या कितीतरी आधीच्या. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. बाहेरच्या उन्हातून आलेले डोळे आधी निवळू द्या. मग एक पाय दिसतो, मग पाठ, मग शिंगं, आणि एकदा दिसायला लागलं की थांबत नाही.

या शेवटच्या जागेसाठी स्थानिक माणूस बरोबर घ्याच. वाटा शेळ्यांनी पाडलेल्या आहेत, प्रत्येक वाट दहा पावलांवर दुसरीला फुटते. कानडी येत नसलं तरी अडत नाही, बदामीत बऱ्याच जणांना मराठी-हिंदी कळतं.

जायचं कसं: सोलापूर-गदग मार्गावर बदामी स्टेशन आहे, स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर. गाडीनं गेलात तर विजापूर शंभर किलोमीटर, तिथून कोल्हार, बागलकोट, बदामी. एका दिवसात परत येता येतं, पण मग हा सगळा धागा वाचून उपयोग नाही. एक मुक्काम कराच.

कुणी याशिवाय काही बघितलं असेल तर लिहा.

---

हलगी

का ओ मालक, एवढं सगळं लिव्हलालाव पण फोटो एकबी नाही! फोटोशिवाय धागा म्हंजे चटणीशिवाय भाकरी.

---

माळावरचा_गडी

@हलगी, लेण्यांचे फोटो नेटवर हजार आहेत. चित्रांचे मुद्दाम टाकले नाहीत. कारण पुढं कुणीतरी विचारेलच, तेव्हा सांगतो.

---

देवांग_लेक

आमच्या घरी बनशंकरी. लग्न झालं की जोडप्यानं जायचं, जावळ काढलं की जायचं, घरात काही चांगलं झालं की जायचं. आमच्या पेठेतली निम्मी घरं पौषात शाकंभरीच्या नवरात्राला तिकडं असतात. पौर्णिमेला रथ. देऊळ बदामीपासून जेमतेम पाच किलोमीटर, आणि आम्ही लहानपणापासून जाऊन लेणीसुद्धा एकदाच बघितली! आजी म्हणायची, देवीला आलो, दगडं बघायला नाही.

एक सांगते, जत्रेच्या दिवसांत डोंगर फिरायचा बेत कुणी करू नका. खोल्या मिळत नाहीत, गाड्या खच्चून भरलेल्या. आणि इकडं त्याच सुमाराला आपली गड्ड्याची यात्रा असते, म्हणजे घरून निघतानाच ओढाताण. जत्रा संपल्यावर आठवड्याभरानं जा. देवळापुढं त्या बायका टोपलीत भाकरी, दही, उसळ, लाल चटणी घेऊन बसतात, तेव्हा त्यांनाही बोलायला सवड असते.

प्रश्न: सासूबाई (वय ६८, गुडघे) आणि मुलगा (वय ९, माकड) बरोबर असताना यातलं काय जमेल?

---

माळावरचा_गडी

ताई, सासूबाईंना भूतनाथापर्यंत न्या. तलावाच्या काठानं बऱ्यापैकी सपाट आहे, मागची कपारही फार लांब नाही. लेण्यांच्या पायऱ्या उंच आहेत, दुसऱ्या लेण्यापर्यंत जमलं तर मधली नैसर्गिक गुहा पुढंच आहे. मुलाला उत्तरेच्या घळीत न्या, खूश होईल. फक्त वर गेल्यावर हात सोडू नका. कड्याला सगळीकडं कठडा नाही. सिडलफडी या खेपेला राहू द्या.

आणि खरी माकडं तिथं खूप आहेत. हातात पिशवी दिसली की संपलं.

---

खडकवाचक

मी भूगोल शिकवायचो, आता निवृत्त. धागा छान आहे, पण "पाणी, वारा आणि मीठ यांनी गुहा केल्या" हे एका वाक्यात उरकलंत. थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढं जा.

चुनखडीतली गुहा दगड पाण्यात विरघळून होते. म्हणून ती लांबच लांब, आतून फिरणारी, लवणस्तंभ असलेली. वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झचे कण, आणि क्वार्ट्झ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. विरघळतं किंवा कमकुवत होतं ते कणांना धरून ठेवणारं जोडद्रव्य. ते गेलं की कण सुटे होतात आणि वाळू खाली पडते. बदामीत कुठल्याही कपारीत बसून जमिनीवर हात फिरवा, तळहाताला बारीक लालसर वाळू चिकटेल. ती छताची आहे. गुहा अजून तयार होते आहे.

आता कुठं होते? जिथं घट्ट थराखाली मऊ थर आहे तिथं. पावसाचं पाणी वरच्या थरातून भेगांवाटे झिरपतं, खालच्या कमी झिरपणाऱ्या थरावर अडतं आणि आडवं बाहेर येतं. येताना विरघळलेले क्षार आणतं. कड्याच्या तोंडाशी पाणी वाळतं, क्षारांचे स्फटिक वाढतात आणि कणाकणाला ढकलून सुटं करतात. म्हणून कपारीच्या मागच्या भिंतीवर पांढरी बुरशी आल्यासारखी पूड दिसते, ती बुरशी नसते. मऊ थर आत आत जातो, वरचा घट्ट थर छत म्हणून राहतो. एक दिवस छत स्वतःच्या वजनानं मोडतं आणि खाली ते धोंडे पडतात. भूतनाथामागचे धोंडे, सिडलफडीच्या शिळा, बहुतेक याच गोष्टीचा पुढचा अंक.

उभ्या घळी वेगळ्या. दगडात ठरावीक दिशांनी भेगा असतात, पाणी त्यांतूनच जातं, त्या रुंद होत जातात. उत्तरेच्या किल्ल्यातली वाट ती.

भिंतीवर तिरक्या रेषांचे पट्टे दिसतील, वर आडवे थर आणि मध्ये तिरपे. ते जुन्या नदीचे वाळूचे ढीग आहेत. प्रवाह कुठल्या बाजूला वाहत होता ते त्यांच्या उतारावरून कळतं. काही ठिकाणी लाटांच्या वळ्या जशाच्या तशा दगड झाल्यात. आपला दख्खनचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. हा वालुकाश्म त्याच्या कितीतरी पट जुना. त्या नदीच्या काठावर गवताची काडीही नव्हती, कारण जमिनीवर झाडं यायचीच होती.

प्रवासात एक गंमत बघा. बागलकोटच्या आसपास रस्त्याकडेच्या टेकड्यांत थर तिरपे, दुमडलेले दिसतात. बदामीत तेच आडवे, रचून ठेवल्यासारखे. दोन्ही कलादगी खोऱ्यातलेच, पण तिरपे आधीचे. ते दुमडले, झिजले आणि मग त्यांच्यावर बदामीचे थर नव्यानं साचले.

अवांतर: सह्याद्रीत नैसर्गिक गुहा नाहीतच असं नाही. लाव्हाच्या दोन थरांमध्ये जी लाल मातीसारखी पट्टी असते ती झिजून कपारी होतात. पण लांबीरुंदीला मर्यादा.

---

काळी_माती

सर, हे वर्गात असं शिकवलं असतं तर आम्ही भूगोलात पास झालो असतो. वाचनखूण साठवली.

प्रश्न आहे. क्वार्ट्झ विरघळत नाही म्हणता, मग मेघालयात ती सगळ्यात लांब गुहा सापडली ती वालुकाश्मातली ना?

---

खडकवाचक

बरोबर, क्रेम पुरी. मावसिनरामजवळ, २०१८ साली मोजणी झाली, साडेचोवीस किलोमीटर. वालुकाश्मातली जगातली सर्वांत लांब गुहा म्हणून ती गाजली. पण जागा बघा: मावसिनराम, जगात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांपैकी एक. जोडद्रव्य एकदा सैल झालं की तेवढं पाणी वाळू वाहून न्यायला थांबत नाही. बदामीत पाऊस आपल्या सोलापूरसारखाच बेताचा. म्हणून इथं लांब बोगदे नाहीत, उथळ कपारी आहेत. आणि उथळ आहेत म्हणूनच उजेड येतो, माणसं राहिली, चित्रं काढली. क्रेम पुरीत आत जाऊन कोण चित्र काढणार!

---

दोरीवाला

पुण्याहून दर हिवाळ्यात बदामीला प्रस्तरारोहणाला येतो. बंगळुरू, मुंबई, परदेशातूनही लोक येतात. हा दगड चढायला सुंदर आहे, पण त्याच्या अटी आहेत.

पहिली अट पाण्याची. वालुकाश्म ओला झाला की त्याची ताकद बरीच घटते. वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते. काल पक्की वाटलेली पकड आज हातात येते, तुकड्यासकट. पाऊस पडून गेला की आम्ही एक-दोन दिवस कड्याला हात लावत नाही. तिकडं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस जोरात असतो. तलावाजवळ अक्का-तंगी धबधबे पडतात ते बघायला त्या दिवसांत जरूर जा, पण कपारीखाली आडवे होऊ नका. छताचे पापुद्रे सुटतात.

दुसरी अट वाळूची. उतरत्या सपाट दगडावर बारीक वाळू पसरलेली असते. बूट कितीही चांगला असो, घसरतो. चढताना जमलं ते उतरताना जमेलच असं नाही. मागं वळून न बघता चढत गेलेली मंडळी वर अडकलेली मी बघितलीत. लेण्यांच्या परिसरात चढाई करायचीच नाही हे वेगळं सांगायला नको.

आणि तिसरी, जी कुणीच लिहिली नाही: आग्या मोहोळ. पुढं आलेल्या कड्याखाली, नेमक्या ज्या सावलीत आपल्याला बसावंसं वाटतं तिथं वर पोळी असतात. कपारीत शिरायच्या आधी मान वर करून छत बघा. काळे, अर्धगोल, लटकलेले पडदे दिसले तर आवाज न करता मागं फिरा. अत्तर, डिओ मारून जाऊ नका, सिगारेट-शेकोटी नको, दगड मारणं तर नकोच, पोरांनाही आधीच बजावा. उठल्याच माश्या तर हात झटकू नका, तोंड-मान झाका आणि लांब पळा. तिथल्या तिथं खाली बसून राहू नका. उघड्या कड्यावर असाल तर पळण्याआधी पाय कुठं टाकता ते बघा. माशीपेक्षा कडा वाईट.

---

खडकवाचक

@दोरीवाला, मोहोळावरून आठवलं. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या एका मोठ्या गुहेच्या छतावर पानासारखा ठसा दिसला होता. २०२१ मध्ये तो पन्नास कोटी वर्षांहून जुन्या डिकिन्सोनिया नावाच्या जीवाचा जीवाश्म म्हणून छापून आला. भारतात असं काही प्रथमच, जगभर बातम्या. दुसऱ्या अभ्यासकांनी जाऊन नीट बघितलं तर ते कुजून गळत चाललेलं मोहोळ निघालं. २०२३ मध्ये तसं प्रसिद्ध झालं. तेव्हा छताकडं बघाच, दोन्ही कारणांसाठी.

---

हलगी

😂 म्हंजे जगातला सगळ्यात जुना प्राणी बघायला जाऊलालो आन् माश्या चावल्या.

---

अक्कलकोटकर

भीमबेटकाचा विषय निघालाच आहे तर, ते शोधणारे विष्णू श्रीधर वाकणकर मराठीच. १९५७ साली रेल्वेतून जाताना त्यांना ते डोंगर दिसले आणि चित्रांच्या गुहा इथं असणार असं वाटून ते उतरून चालत गेले. सातशेच्या वर आसरे आहेत तिथं. २००३ ला जागतिक वारसा. आम्ही मात्र सोलापूर-गदग गाडीत बदामीचे डोंगर दिसले की झोपलेलो असतो.

त्यांच्याबद्दल वाचल्यावर मी सिडलफडीला गेलो होतो. जरा वेगळं मत मांडतो. चित्रं खूप फिकी आहेत. माझ्याबरोबरच्या एकानं बाटलीतलं पाणी भिंतीवर शिंपडलं, तर आकृती एकदम उठून दिसली. फोटोही छान आले. हा उपाय इथं सांगून ठेवतो.

---

माळावरचा_गडी

अक्कलकोटकर, कृपा करून हे कुणी करू नका. खडकवाचक सरांनी वर मिठाचं सांगितलंय तेच इथं लागू. शिंपडलेलं पाणी दगडात शिरतं, आतले क्षार घेऊन पृष्ठभागावर येतं आणि वाळताना रंगाच्याच थरावर पांढरी पूड आणतं. दरवेळी थोडा रंग सुटतो. आधीचे लोक अगदी जाणकारसुद्धा असं करायचे म्हणूनच कित्येक ठिकाणची चित्रं आज दिसत नाहीत.

दुसरा उपाय आहे. साधा फोटो काढा, कोरडा, फ्लॅश न मारता. घरी येऊन मोबाइलमध्येच रंगाची तीव्रता वाढवा, लाल रंग ताणा. डोळ्याला जे दिसलं नाही ते फोटोत दिसतं. मला एका ठिकाणी लाल डागाऐवजी रांगेत उभी माणसं दिसली ती घरी आल्यावर.

फोटो का टाकले नाहीत हे पण सांगतो. सिडलफडी सगळ्यांना माहीत आहे, तिचं नाव लिहायला हरकत नाही. पण त्या डोंगरांत इतरही चित्रं आहेत, त्यांच्या जागा मी उघड लिहिणार नाही. एका कपारीत चित्रांच्या वरून ऑइलपेंटनं बदाम आणि दोन नावं काढलेली बघितली. गेरू हजारो वर्षं टिकला, पण ऑइलपेंट काढायला गेलात तर त्याच्याबरोबर गेरूही जाईल.

---

अक्कलकोटकर

हे माहीत नव्हतं. वरचा उपाय कुणी करू नका, संपादकांनी ती ओळ उडवली तरी चालेल.

पण जागा लपवण्याशी मी सहमत नाही. माहीतच नसेल तर जपणार कोण? आज गावातल्या धनगरांना चित्रं म्हणजे काय हे कुणी सांगितलेलं नाही. ते पावसात शेळ्या घेऊन त्याच कपारीत बसतात, चूल पेटवतात, छत काळं होतं. त्यांची चूक नाही, पिढ्यान् पिढ्या तोच आसरा. पण गाव जागं करायचं असेल तर बोलावं लागेल.

---

दोरीवाला

दोघांचंही पटतं. आमच्यात चढाईच्या नव्या जागांचं हेच होतं. गावाला सांगा, नेटवर नको, इतपत मला ठीक वाटतं. पण गावातल्या पोरांकडंही नेट आहेच.

---

काळी_माती

कायदा काय म्हणतो? संरक्षित नसलेल्या कपारीत नाव लिहिलं तर?

---

माळावरचा_गडी

जी ठिकाणं पुरातत्त्व खात्यानं संरक्षित जाहीर केलीत तिथं १९५८ चा कायदा लागतो. नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि भोवतालच्या शंभर मीटरमध्ये बांधकामाला बंदी. जाहीर न झालेल्या कपारींना हे कवच नाही. म्हणूनच तर वरचा वाद.

---

सातपुडा_सून

माहेर सोलापूर, सासर अमरावती. सिडलफडीची गोष्ट वाचून आमच्याकडच्या पचमढीची आठवण झाली. तिथलाही डोंगर वालुकाश्माचाच. विदर्भातून नागपंचमीला नागद्वारीच्या यात्रेला लोक लोटतात, घळीघळीतून चालत. महाशिवरात्रीला चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढतात. गुप्त महादेवाची गुहा तर इतकी चिंचोळी की माणूस आडवा होऊन एकामागून एक सरकतो. आतून बाहेर येणाऱ्याला वाट द्यायची तर तुम्हाला मागं यावं लागतं. जटाशंकराच्या गुहेत छताकडून पाणी ठिबकत असतं, भर उन्हाळ्यातही.

तिथल्या आसऱ्यांतही चित्रं आहेत, गॉर्डन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९३० च्या दशकात त्यांची नोंद केली. पण यात्रेकरूंना त्याचा पत्ता नाही. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर नागद्वारी केली, एकही चित्र बघितलं नाही. देवांग_लेक यांच्या आजींचीच गोष्ट!

गर्दीत चिंचोळ्या गुहेत शिरू नका एवढंच सांगते. श्वास कोंडतो, आणि घाबरलेल्या माणसाला मागं वळता येत नाही.

---

देवांग_लेक

ताई, आजीला हे वाचून दाखवलं. म्हणाली, "ती चित्रं काढणारे पण कुणालातरी पूजतच असतील की."

मी एक विचारते, वटवाघळं असतात का? मला त्यांची भीती आहे.

---

खडकवाचक

असतात, पण उजेडाच्या उथळ कपारीत कमी. आत अंधार, उग्र वास आणि जमिनीवर काळी मऊ विष्ठा दिसली तर शिरू नका. ती धूळ श्वासात जाणं चांगलं नाही, आणि दिवसा त्यांना उठवणं त्यांच्यासाठीही वाईट. तिकडच्या दगडांत फुरसंही असतं. भेगेत, दगडाखाली न बघता हात घालू नये. बसायच्या आधी काठी फिरवा.

---

माळावरचा_गडी

वेळ उरला तर आणखी दोन जागा. महाकूटला बदामीहून डोंगरातून पायवाट जाते. तिकडं झऱ्याच्या पाण्याचं कुंड आहे, चालून गेल्यावर पाय टाकून बसायला. आणि ऐहोळेला सगळे दुर्गा मंदिर बघतात, पण मेगुती टेकडीवर चढा. वर इ.स. ६३४ चा रविकीर्तीचा लेख आहे, दुसऱ्या पुलकेशीच्या पराक्रमाचा, आणि त्याच टेकडीच्या माथ्यावर चालुक्यांच्याही आधीच्या महापाषाणयुगीन समाध्या आहेत. चार उभ्या फरश्या आणि वर एक झाकण. दगडाचे थर मुळातच फरशीसारखे निघतात म्हणून ते जमलं. आपल्या काळ्या दगडात असं कुणी करून दाखवावं.

---

हलगी

आता शेवटचं विचारतो. आम्ही चौघं, बाइकवर. फेब्रुवारीत. डोंगरात पाणी मिळतंय का, मोबाइलला रेंज असतीय का, आन् येताना खायला कुठं थांबायचं?

---

दोरीवाला

डोंगरात पाणी धरून चालू नका. माणशी तीन लिटर. रेंज पठारावर येते, घळीत जाते. कुठं चाललोय आणि किती वाजता परत येणार हे लॉजवर सांगून निघा. काही झालंच तर ११२. पहाटे निघा, अकराच्या आत कपारीत पोचा, दुपार तिथं काढा, चारनंतर उतरा. अंधारात त्या झुडपांतून वाट सापडत नाही. प्रत्येकाकडं आपापला हेडटॉर्च हवा, मोबाइलचा उजेड पुरत नाही.

---

देवांग_लेक

खायचं मी सांगते. येताना कोल्हारला थांबा, मडक्यातलं दही घ्या. बाइकवर मडकं नेताना मात्र कुणाच्यातरी मांडीवर ठेवा, डिकीत नको.

---

हलगी

मांडीवरच न्हेतो. मागं बसणारा ठरलाय, त्याला अजून सांगितलं नाही.